शुक्रवार सगळ्यांना मोकळा

शुक्रवारी चौदा तारीख आहे हे हिल्काला कळलं ते धाकट्या बहिणीच्या संडासात. बसल्यावर गुडघे दाराला टेकावेत एवढीच ती जागा, आणि दारावर, बरोबर डोळ्यांसमोर, वाढदिवसांचं कॅलेंडर. ते कुणाच्या घरी नसतं! या शहरातली माणसं एकमेकांना विसरत नाहीत याचं कारण माया वगैरे नसून रोज सगळ्यांना तिथं जाऊन बसावं लागतं हे आहे, असं हिल्काचं जुनं मत होतं. या कॅलेंडरवर वार नसतात, नुसत्या तारखा. एकदा टांगलं की भिंत पडेपर्यंत तेच. जूनच्या पानावर लाल छातीचा एक गुबगुबीत पक्षी होता आणि त्याच्या खाली, चौदाच्या पुढे, फ्राउकेच्या बारीक तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'मी'. स्वतःचा वाढदिवस स्वतःच्या संडासात लिहून ठेवणारी बाई, असं म्हणून हिल्का हसणार तेवढ्यात तिच्या मनाने कुठेतरी बोटं मोजायला सुरुवात केली. आज रविवार, नऊ. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिने परत मोजलं, कारण हल्ली तिचा स्वतःच्या मोजण्यावर भरवसा राहिला नव्हता. दोन्ही वेळा शुक्रवार चौदावरच आला. आणि शुक्रवार तर तिचा होता. शुक्रवारी दुपारी डॉक्टर बाउकेमा सायकलवरून तिच्या घरी येणार होते, तिला शेवटचं एकदा विचारणार होते, आणि तिने हो म्हटलं की तिला कायमचं झोपवणार होते. कायद्याने, राजीखुशीने, आणि सगळ्यांच्या सोयीने.

सोयीनेच. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या पुढच्या खोलीत, जिथे आता तिचा पलंग होता, सगळे डायऱ्या घेऊन बसले होते. मुलगा मेनो रॉटरडॅमहून आला होता. फ्राउके होती, फ्राउकेचा नवरा वुब्बो होता. दुसरे डॉक्टर, म्हणजे कायद्याप्रमाणे ज्यांनी तिला आधी कधी पाहिलेलं नसतं असे, येऊन तासभर बोलून गेले होते आणि त्यांनीही मान्य केलं होतं. तेव्हा आता फक्त वार ठरवायचा होता. मंगळवारी मेनोची परीक्षेची ड्यूटी, बुधवारी वुब्बोची बागवाल्यांची मीटिंग, गुरुवारी डॉक्टरांची नवीन बाळांची तपासणी. हिल्का उशीला टेकून ऐकत होती आणि तिला आतून गुदगुल्या होत होत्या. आयुष्यभर तिने या माणसांना जेवायला बोलवायचं म्हटलं की हेच, डायऱ्या निघायच्या, आणि दोन महिन्यांनंतरचा एखादा रविवार सापडायचा. मरायलाही तसंच. मग कुणीतरी म्हणालं, शुक्रवार? आणि काय आश्चर्य, शुक्रवार सगळ्यांना मोकळा! एकजात सगळ्यांना. मेनोने मावशीकडे पाहिलं होतं, वुब्बोने स्वतःच्या बुटांकडे, हे आत्ता आठवत होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, किती गुणी माणसं, एका फटक्यात जमवलं.

ती तशीच बसून राहिली. बाहेर फ्राउकेच्या स्वयंपाकघरातून मोहरीच्या सुपाचा वास येत होता आणि, खरं सांगायचं तर, तिला भूक लागली होती. ही या सगळ्यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट होती. दोन्ही डॉक्टरांचं एकमत झाल्यापासून तिला भूक लागायला लागली होती. त्याआधीचे चार महिने ती भीतीनेच पोट भरत होती. स्वादुपिंडातला तो गोळा यकृतापर्यंत पोचला, डोळे पिवळे झाले, पुढे काय, कसं, किती दिवस, कुणाच्या हातात, हेच रात्रंदिवस. आणि परवानगी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मेनोला अंड्याचा तळलेला गोळा आणायला पाठवलं, ज्याच्यात मसाल्याच्या सारणाच्या पोटात अख्खं उकडलेलं अंडं असतं तो, पुलावरची ड्यूटी संपली की ती उभ्याने खायची तसला. तिने अर्धाच खाल्ला, पण काय खाल्ला! बोटं चाटली. मेनो खिडकीशी जाऊन रडला आणि तिला त्याची दया आली, पण थांबावंसं वाटलं नाही. तेव्हापासून ती आनंदात होती, आणि आनंदात असणं चारचौघांत दाखवण्यासारखं नाही हेही तिला कळत होतं. भेटायला येणारी माणसं दारातच चेहरा उतरवून येत. त्यांना बरं वाटावं म्हणून ती जरा सुस्कारे टाकी. ती गेली की खिडकी उघडायला लावी. समोरच्या कालव्यावर लिंडनच्या झाडांना मोहोर आला होता, त्याचा मधासारखा चिकट वास आत येई, आणि ती तो वास नुसता घेत नसे, मिरवत असे. मी अजून आहे बरं का.

एकोणतीस वर्षं ती याच शहरात पूल उचलत होती. कालव्यावरच्या त्या काचेच्या टपरीत बसायचं, बोट आली की घंटा वाजवायची, फाटक पाडायचं, आणि अख्खा रस्ता थांबवून ठेवायचा. परीक्षेला निघालेले विद्यार्थी, आईसक्रीम वितळत असलेली पोरं, प्रेतयात्रासुद्धा. सगळं शहर तिच्या नावाने बोटं मोडायचं. तिने पाहून ठेवलं होतं, माणसं आधी घड्याळ बघतात, मग बोटीला शिव्या देतात, आणि मग पुलाच्या त्या वर गेलेल्या फळीपुढे काही इलाज नाही हे एकदा पटलं की खांदे खाली येतात, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलणं सुरू होतं, तोंड उन्हाकडे वळतं. ती दोन-तीन मिनिटं कुणाच्याच हिशेबात नसतात. फाटक उघडलं की काहीजण निघायलाच विसरत. गेले तीन आठवडे हिल्काचे तसे होते. आणि आता हे. आता ही चौदा तारीख.

चौदा तारीख ती विसरली कशी? वरच्या मजल्यावरच्या तिच्या संडासातलं कॅलेंडर फेब्रुवारीवरच राहिलं होतं. जिना चढणं बंद झाल्यापासून तिथं कुणी गेलंच नव्हतं. पण फ्राउकेचा वाढदिवस कळायला तिला कॅलेंडर कशाला हवं? फ्राउके जन्मली तेव्हा हिल्का दहा वर्षांची होती. मधल्या खोलीचं दार बंद होतं आणि आतून आईचा आवाज येत होता. मग बाबांनी तिला टोस्टवर लोणी लावून वर बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या साखरगोळ्या पसरायला बसवलं, पाहुण्यांसाठी, कारण बाळ झालं की तेच द्यायचं असतं. गोळ्या लोण्यावर टिकत नव्हत्या, टपटप जमिनीवर पडत होत्या आणि ती गुडघ्यांवर बसून त्या वेचून खात होती. तिला सायकल हवी होती आणि बहीण मिळाली होती. नंतर आई कितीतरी दिवस उठली नाही, आणि त्या लालबुंद, सुरकुतलेल्या, सारखं भोकाड पसरणाऱ्या गाठोड्याला शांत करायची युक्ती एकट्या हिल्कालाच सापडली, पाठीवर उलट्या हाताने चोळायचं. एवढं सगळं आठवत होतं, साखरगोळीचा दातांखालचा आवाजसुद्धा, आणि तारीख तेवढी गळून गेली. पिवळेपणा डोक्यात चढतो, डॉक्टर म्हणाले होते. रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते, मग माणूस गोंधळायला लागतो. गेल्या गुरुवारी तिने मेनोला बाबांच्या नावाने हाक मारली होती. आणि डॉक्टरांनी हेही स्वच्छ सांगितलं होतं, "हिल्काबाई, त्या दिवशी, त्या वेळी मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. दुसऱ्या कुणाच्या नाही. तुम्हाला सांगता आलं नाही तर मी काही करणार नाही, बॅग उचलून परत जाईन." म्हणजे पुढे ढकलणं धोक्याचं. आणि न ढकलणं म्हणजे फ्राउकेच्या पुढच्या सगळ्या वाढदिवसांवर, ती नव्वदीची होईपर्यंत, हिल्काचं मढं. आपण सुखाने मरावं आणि बहिणीने दर वर्षी केकसमोर डोळे पुसावेत! तिने कॅलेंडरकडे पाहिलं. मेलेल्यांच्या नावापुढे फ्राउके छोटासा क्रूस काढत असे. ती उठली, आणि भिंतीला धरत, चिडलेली, बाहेर आली.

"काय गं, एवढा वेळ? मला वाटलं पडलीस," फ्राउके म्हणाली. ती सुपाच्या वाट्या मांडत होती. वुब्बो आधीच चमचा घेऊन तयार होता. तो मोठा, संथ माणूस, जेवणापुढे कशाचीच घाई नसलेला.

"शुक्रवारी तुझा वाढदिवस आहे," हिल्का म्हणाली.

वुब्बोचा चमचा हवेत थांबला. फ्राउके पावाचे तुकडे करत राहिली.

"माहीत आहे मला. माझाच आहे."

"तुला माहीत होतं? तेव्हा, ठरवताना?"

"सगळ्यांनाच माहीत होतं," वुब्बो म्हणाला, आणि बायकोने पाहिल्यावरही त्याचा आवाज थांबला नाही, कारण एकदा निघालेला वुब्बो थांबायला वेळ लागे. "म्हणून तर सगळ्यांना जमलं ना. तो दिवस सगळ्यांनी वाढदिवसासाठी मोकळाच ठेवला होता."

हिल्काला हसू आलं. आलंच ते, खालून वर, फासळ्यांना दुखवत, आणि ती टेबलाला धरून खुर्चीत बसली आणि हसत राहिली. तिच्या मरणाला दिवस सापडला होता तो केकच्या जागेत. मग हसणं संपलं आणि राग परत आला. "आणि मला कुणी सांगितलं नाही. गंमत बघत बसलात. ते काही नाही. बदलायचा वार. त्याच्या पुढचा सोमवार."

"सोमवारी तू मला कुणाच्या नावाने हाक मारशील?" फ्राउके म्हणाली. "आजीच्या?"

"मग गुरुवार. एक दिवस अलीकडे. डॉक्टर संध्याकाळी येतील."

आता फ्राउकेने सुरी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या वाट्याचा एक अख्खा दिवस तू केकसाठी कापणार? मोजून पाच राहिलेत. त्यातला एक? वा गं वा. तुला कुणी दिला हा अधिकार?"

"तुझ्या वाट्याचा! मरतेय कोण?"

"तू. पण उरणार कोण?"

वुब्बो हळूच उठला आणि कुत्रा नसलेल्या त्या घरातून "जरा कुत्र्याला बघतो" असं काहीतरी पुटपुटत मागच्या बागेत गेला. दोघी बहिणी सुपाकडे बघत राहिल्या. वर साय धरत होती.

"आई कोणत्या तारखेला गेली?" फ्राउकेने विचारलं.

हिल्काने आठवून पाहिलं. नोव्हेंबर. मंगळवार, कारण बाजार होता आणि फ्राउके मासे आणायला गेली होती आणि पिशवीतल्या माशांसकट हॉस्पिटलात पोचली होती. तो वास आठवला, ती निळी पिशवी आठवली. तारीख नाही. पण ही तारीख तिला कधीच आठवत नव्हती, पिवळेपणाच्याही आधीपासून, त्यामुळे तिला उगीचच जरा बरं वाटलं.

"बघ," फ्राउके म्हणाली. "तुलाही नाही. वुब्बोलाही नाही. ती कुठल्याच संडासात लिहिलेली नाही. दर वर्षी त्या दिवशी मी सकाळपासून फोनशेजारी असते. कुणाला करायचा तर काय म्हणून करायचा? आज आई गेली होती बरं का, अशी आठवण करून द्यायला? समोरचा ओशाळतो. म्हणून मी खिडक्या पुसते. तुला वाटतं मला खिडक्या पुसायची हौस आहे? गेली सोळा वर्षं नोव्हेंबरात माझ्या खिडक्या लखलखतात आणि मी एकटीच असते." तिने नाक पुसलं, ओट्यावरच्या फडक्याने. "आणि वाढदिवसाला? त्या दिवशी माझ्या मागे लागतात सगळे. दाताचा डॉक्टरसुद्धा शुभेच्छा पाठवतो. चौदा जूनला मला एकटं सोडायची या देशात कुणाची हिंमत नाही. कळतंय का तुला? तू सतरा जूनला गेलीस, किंवा तेराला, की पहिल्या वर्षी सगळे येतील. दुसऱ्या वर्षी मेनोचा फोन येईल. तिसऱ्या वर्षी मी खिडक्या पुसेन. मला चौदाच हवी. शुक्रवार म्हणाले तेव्हा मी मनात म्हटलं, देवा, कुणी तोंड उघडायला नको."

हिल्काने बहिणीकडे नीट पाहिलं. तिच्या आत काहीतरी हळूहळू फिरत होतं. ती बहिणीला काय समजत होती आजवर? रडकं गाठोडं, उलट्या हाताने चोळावं लागणारं. आणि ही बाई तीन आठवडे गप्प बसून, सगळ्यांना डोळ्यांनी दाबून, स्वतःसाठी पुढच्या कितीतरी वर्षांची सोबत जमवत होती, तीही बहिणीच्या मरणातून. केवढी लबाड! केवढी शहाणी! तिला इतका आनंद झाला की छाती दुखली. आपल्यामागे हिचं कसं होईल, हा एक काटा त्या सगळ्या सुखात रुतून होता, आणि तो ज्या जागी रुतला होता तिथूनच ही आता धिटाईने बोलत होती. पण काटा निघाला असं म्हणायला तिचं मन तयार होईना. बोलणं वेगळं. शुक्रवारी, सगळं झाल्यावर, त्या खुर्चीत बसलेल्या फ्राउकेचं तोंड कसं असेल? केक समोर असताना तिला खरंच माणसांत बसवेल, की ती मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेईल आणि मग दर वर्षी चौदा जूनलाही खिडक्याच पुसेल? हे बघायला हिल्का नसणार होती. हीच एक अडचण होती मरण्यात.

"मग केक माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. "दोन-दोन घरी धावाधाव नको. स्ट्रॉबेरीचा. आणि साय खरी, डब्यातली फुसफुस नाही."

"तुला कुठे पचणार आहे साय?"

"मला शनिवारची काळजी नाही."

फ्राउकेने तिच्याकडे पाहिलं, आणि मग दोघीही अशा हसल्या की वुब्बो बागेतून धावत आला.

शुक्रवारी सकाळपासून लख्ख ऊन होतं. नर्स येऊन हिल्काच्या हातात सुई बसवून गेली, वर पांढरी पट्टी. मेनोने तिचे केस विंचरले, भांग चुकीच्या बाजूला पाडला, आणि तिने तो तसाच राहू दिला. पुढच्या खोलीत खुर्च्यांचं रिंगण मांडलं होतं, वाढदिवसाला मांडतात तसं, शेजाऱ्यांकडच्या दोन घडीच्या खुर्च्या धरून, आणि सगळे त्यात गुडघ्यांवर बशी घेऊन ताठ बसले होते. मधे जागा रिकामी, जणू तिथं कुणी नाचणार होतं. हिल्का खिडकीजवळ मोठ्या खुर्चीत होती. तिचा पलंग मागच्या खोलीत हलवला होता. बाकीच्या नातेवाइकांना आणि मैत्रिणींना फ्राउकेने सांगून ठेवलं होतं, तीननंतर या, हिल्काच्या घरी, आणि काय होणार आहे हेही सांगितलं होतं, आणि तरी सगळे येतो म्हणाले होते. केक कापला. हिल्काने स्ट्रॉबेरी जिभेवर ठेवली. ती आंबट होती आणि थंड होती आणि साय आधी टाळूला चिकटली आणि मग सावकाश सुटली. ती डोळे मिटून त्या सुटण्याच्या मागे मागे गेली. एवढं लक्ष देऊन आपण आयुष्यात काही खाल्लं नाही, तिला वाटलं, आणि याचं वाईट वाटण्याऐवजी हसू आलं. नाहीतर खाणं कधी संपलंच नसतं.

दोन वाजता बेल वाजली. डॉक्टर बाउकेमा आत आले, उंच, पाठीत किंचित वाकलेले, एका पायाला अजून सायकलची क्लिप, हातात बॅग. दारात उभे राहून त्यांनी रिंगण पाहिलं, केक पाहिला, छताला लावलेल्या दोन रंगीत पताका पाहिल्या. पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता, लहानपणापासूनची सवय. इथे वाढदिवस एकट्याचा नसतोच, आत आलेला माणूस रिंगणातल्या प्रत्येकाचं अभिनंदन करतो. त्यांनी बॅग डाव्या हातात घेतली आणि निघाले. "फ्राउकेबाई, अभिनंदन. वुब्बो, बायकोबद्दल अभिनंदन. मेनो, मावशीबद्दल अभिनंदन." आणि खिडकीशी आले, हात पुढे केला, "हिल्काबाई, बहिणीबद्दल अभि..." आणि त्यांना कळलं आपण कोण आहोत आणि कशाला आलो आहोत. ते कानापर्यंत लाल झाले. तो हात तसाच हवेत राहिला.

हिल्काने तो दोन्ही हातांनी धरला. "थँक्यू डॉक्टर. चांगली निघाली बहीण. बसा, केक घ्या."

"मी खरं म्हणजे..."

"कॉफी झाल्याशिवाय या घरातून कुणी जात नाही. मीसुद्धा नाही."

ते बसले, बॅग पायांत धरून, आणि त्यांनी केक खाल्ला. मग तिला उठवलं. मेनोने एका बाजूने, फ्राउकेने दुसऱ्या. मागच्या खोलीत चादरीवर उन्हाचा पट्टा होता आणि तिथं आडवं होताना तिला दमल्याचं फार सुख वाटलं. मधलं दार उघडं राहू दे, ती म्हणाली. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांच्या कोटावर केकचा चुरा होता. "हिल्काबाई," ते म्हणाले, आवाज आता वेगळा होता, "मी आज इथं कशासाठी आलोय, मला सांगाल?"

हिल्काने त्या चुऱ्याकडे पाहिलं. क्षणभर खरोखरच काही सापडेना. मग पिवळं धुकं बाजूला झालं आणि सगळं स्वच्छ दिसलं, आणि त्या स्वच्छपणात तिला मोह आवरला नाही. "केक खायला," ती म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मेनोने भिंत धरली.

"चेष्टा केली हो. मला मरायला मदत करायला आलात. मला ती हवी आहे, आज, आत्ता. मला कुणी भरीला घातलेलं नाही. मी बरी होणार नाही हे मला ठाऊक आहे आणि मी खूष आहे. एवढं पुरे की अजून सांगू?"

"हिल्का!" फ्राउके ओरडली. "अशी चेष्टा करतात? ते बॅग घेऊन गेले असते म्हणजे?"

"पुरे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि बॅगेकडे वळले.

"थांबा," हिल्का म्हणाली. "गाणं कुठे म्हटलंत?"

वुब्बो बूट पाहू लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की केक कापताना सगळ्यांनी ते टाळलं होतं, ठरवून, कारण वाढदिवसाच्या त्या गाण्यात जिचा वाढदिवस असेल तिला पुष्कळ पुष्कळ जगण्याची इच्छा मागतात, हात वर उडवून, तीन-तीनदा. आणि ते या घरात, आज, कुणाच्या तोंडून निघणार? वेडी माणसं. आज नाही मागायचं तर कधी? फ्राउकेला जगायचं होतं ना, पुष्कळ, तिच्याशिवाय, चौदा जूनमागून चौदा जून. हिल्काने श्वास ओढला. कालव्यापलीकडच्या बोटवाल्याला हाक मारून मारून कमावलेला आवाज तिच्याकडे अजून थोडा शिल्लक होता, आणि तो तिने सगळा लावला. पहिली ओळ ती एकटीच म्हणाली, खरखरत, सुराला जाता जाता खांदा मारत. दुसऱ्या ओळीला मेनो आला. तिसरीला वुब्बोचा ढोलासारखा गळा, आणि मग डॉक्टरही, बारीक आवाजात, बसल्या जागी. सुईचा हात वर जाईना म्हणून तिने दुसरा उडवला. तीनदा. फ्राउके पलंगाच्या कडेला बसून रडत होती, तोंड वेडंवाकडं करून, दहा मिनिटांच्या बाळासारखी. आणि रडता रडताच म्हणाली, "किती बेसूर गं गातेस. अजून तशीच," आणि तिच्या नाकातून हसू फुटलं.

मग सगळ्यांनी एकेक करून तिला जवळ घेतलं. मेनोला सोडायला जरा वेळ लागला. त्याच्या मानेला लहानपणीचाच वास होता, गरम पावाचा. डॉक्टरांनी विचारलं, आणि ती म्हणाली, हो. हात आतून गार झाला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. बाहेर कुठेतरी पूल उठल्याची घंटा झाली असेल किंवा नसेल; तिने तिकडे लक्ष दिलं नाही. ती फ्राउकेकडे पाहत होती. फ्राउकेने तिचा हात धरला होता आणि अंगठ्याने त्यावर उलटं चोळत होती आणि तिच्या अंगठ्याला साय लागलेली होती. ऊन चादरीवरून जरा वर सरकलं. पुढच्या दारावर बेल वाजली, मग दाराबाहेर बऱ्याच पायांचा आणि कुणाच्या तरी मोठ्याने बोलण्याचा आवाज. मेनो दचकून उठू लागला. फ्राउके हलली नाही. तिने हात सोडला नाही, नाक ओढलं, मान नुसती वळवली, आणि तिच्या रोजच्या, घरभर हुकूम सोडायच्या आवाजात, हिल्काला शेवटपर्यंत ऐकू यावं एवढ्या मोठ्याने, दाराकडे बघून म्हणाली, "वुब्बो, जा उघड. आणि कॉफी ठेव परत, मोठ्या किटलीत. अजून माणसं यायचीत."